गोळीचा वेग आणि मापकाची सचोटी

इ. स. १६९०मध्ये छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यातून मोगलांशी झुंज देत होते. त्याच वर्षी कडलूरजवळचा देवनापट्टणचा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीने मराठ्यांकडून विकत घेतला. त्या व्यवहारातील एक अट मोठी विलक्षण होती. किल्ल्यावरून डागलेल्या तोफेचा गोळा जेथवर जाईल, तेथवरची जमीनही खरेदीत मोडावयाची होती. त्याप्रमाणे तोफ डागली गेली आणि गोळ्याच्या टप्प्यातील गावे कंपनीच्या पदरात पडली. तोफेने जमीन मोजली खरी. पण तोफेला मोजणार कोण? गोळा तोफेच्या तोंडातून किती वेगाने निघतो, हे त्या काळी खात्रीने कोणालाच सांगता येत नव्हते.

ते प्रथम सांगितले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. योगायोग असा, की त्याची अखेरही याच किल्ल्यात झाली. १७०७मध्ये बाथ येथे जन्मलेला हा विद्वान कंपनीचा अभियंता म्हणून १७५०मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढच्याच वर्षी देवनापट्टणच्या किल्ल्यात, म्हणजे इंग्रजांच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात, निवर्तला. तोफखान्याच्या विद्येवरील त्याचा ग्रंथ १७४२मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात त्याने आपल्या लंबकाचे वर्णन केले आहे.

युक्ती साधी होती. लाकडी फळी बसविलेला एक जड लंबक टांगावयाचा आणि त्यावर बंदूक झाडावयाची. गोळी फळीत रुतली की लंबक मागे झोका घेई आणि त्याला बांधलेली फीत जितकी ओढली जाई, तितका झोक्याचा आवाका कळे. गोळीचे व लंबकाचे वजन ठाऊक असल्यावर वेग गणिताने काढता येई. डोळ्यांना न दिसणारा प्रचंड वेग अशा रीतीने मंद आणि मोजण्याजोगा झाला. बंदुकीची गोळी सेकंदाला सोळाशे फुटांहून अधिक धावते, असे रॉबिन्सला आढळले. तोवर हवेचा विरोध क्षुल्लक मानीत. तो किती मोठा असतो, हेही या लंबकाने उघड केले.

परंतु या पहिल्या विश्वसनीय मापकातही चूक होतीच. गोळी लंबकाला नेमकी कोठे लागते, याचा हिशेब रॉबिन्सने प्रथम सदोष मांडला होता. १७४३मध्ये त्याने तो स्वतः दुरुस्त केला. थोर गणितज्ञ ऑयलर याने १७४५मध्ये त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, तेव्हा त्यानेही तो दोष दाखविला. यंत्र तेच, झोका तोच. आकडा मात्र बदलला.

एकोणिसाव्या शतकात लंबकाची जागा विजेने घेतली. १८६०नंतरच्या दशकात बेल्जियमच्या तोफखान्यातील ल बूलाँजे या अधिकाऱ्याने एक कालमापक सिद्ध केला. गोळीच्या वाटेत तारांच्या दोन चौकटी उभ्या करीत. पहिली तार तुटली की विद्युत्चुंबकाने धरलेली लांब सळई खाली पडू लागे. दुसरी तुटली की एक लहान वजन पडून चाकू सोडी आणि तो पडत्या सळईवर खूण करी. खुणेच्या उंचीवरून काळ मिळे. पण त्यातील खरी थोर गोष्ट निराळीच आहे. गोळी झाडण्यापूर्वी दोन्ही प्रवाह मुद्दाम एकाच क्षणी तोडीत. तरीही सळईवर खूण उमटेच. कारण यंत्राच्या स्वतःच्या हालचालीलाच सुमारे ०.१५ सेकंद लागे. हा काळ आधी मोजून मग तो वजा करावयाचा. दुसऱ्याला मोजण्यापूर्वी यंत्राने स्वतःला मोजून घ्यावे, असा हा दंडक होता.

आज हेच काम खिशात मावणारी यंत्रे करितात. हवेच्या बंदुकीचा छर्रा दोन प्रकाशपडद्यांमधून जातो आणि वेग क्षणार्धात आकड्यांत उमटतो. तो आकडा दिसावयास इतका निःशंक असतो, की त्याला जाब विचारावा असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि जाब विचारण्याचे कारण तर मोठे आहे. १९६२मध्ये आपल्याकडे हवेच्या बंदुकीची कसोटी लाकडी फळीने होई. छर्रा तिच्या आरपार गेला नाही, तर परवान्याची गरज नसे. २०१६च्या शस्त्र नियमांनी २० ज्यूल ऊर्जेची मर्यादा घातली. फळी गेली, आकडा आला.

आता हिशेब पाहा. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा १९.३ ज्यूल भरते. २७५ मीटर वेगाने सुटला, तर २० ज्यूलची मर्यादा ओलांडली जाते. फरक जेमतेम २ टक्क्यांचा. यंत्रातील पडदे ३० सेंटिमीटर अंतरावर असतील आणि एकाला छर्ऱ्याचे शेपूट व दुसऱ्याला त्याचे टोक जाणवले, तर ६ मिलिमीटर लांबीचा तो छर्राच २ टक्क्यांची चूक घडवितो. बंदुकीतून सुटणारा हवेचा झोत पडद्याला फसवू शकतो. विजेच्या दिव्याचे अदृश्य लुकलुकणेही घोटाळा करिते. यंत्र चार पावले दूर ठेवले, तर छर्रा तेवढ्यात मंदावलेला असतो.

म्हणून दोन मापकांची तुलना करावयाची, तर दोन निराळ्या छर्ऱ्यांवर करू नये. यंत्रे एकामागे एक मांडून एकच छर्रा दोहोंतून जाऊ द्यावा, वाटेत घटलेला वेग हिशेबात धरावा, आणि मग यंत्रांची अदलाबदल करून पुन्हा पाहावे. एखादे यंत्र दहा वेळा जवळजवळ तोच आकडा देते, एवढ्याने ते खरे ठरत नाही. पाच मिनिटे पुढे असलेले घड्याळही रोज तितकेच पुढे असते. एकाच तत्त्वावर चालणारी दोन यंत्रे एकच चूक करू शकतात. तेव्हा साक्षीदार निराळ्या जातीचा हवा. काळ न मोजता धक्का मोजणारा रॉबिन्सचा लंबक त्यासाठी आजही निरुपयोगी झालेला नाही.

लाकडी फळीची कसोटी ओबडधोबड होती. पण आपला ओबडधोबडपणा ती लपवीत नव्हती. दशांशचिन्हापुढचे आकडे तो लपवितात. ज्या आकड्यावर एखाद्या माणसाचे निरपराधित्व अवलंबून आहे, त्याच्याशेजारी छर्ऱ्याचे वजन, यंत्राचे अंतर आणि यंत्राची संभाव्य चूक लिहिलेली असलीच पाहिजे. ती नसेल, तर त्या आकड्याची किंमत देवनापट्टणच्या तोफेहून अधिक नाही. तिचा गोळा जेथे पडला, तेथे हद्द ठरली. तो तेथेच का पडला, हे मात्र कोणी विचारले नाही.