सिलिकॉन: व्याख्येबाहेर राहिलेलं मूलद्रव्य

गवत कापताना पात बोट चिरते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. त्या धारेत वाळूचंच द्रव्य असतं, सिलिका. मातीतल्या पाण्यात विरघळलेलं सिलिसिक आम्ल मुळं ओढून घेतात, पानांतून पाणी उडून जातं आणि मागे काचेसारखे बारीक कण राहतात. वाळलेल्या भाताच्या पेंढ्यात हे वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत भरू शकतं.

बांबूच्या पेरातलं वंशलोचन आपल्या वैद्यांच्या ओळखीचं. ते भारतातून लंडनला गेलं आणि १७९१ मध्ये जेम्स स्मिथसन यांनी (तेव्हा ते मेसी हे नाव लावत) ते मुख्यतः सिलिकाच असल्याचं दाखवलं. पुढे ज्यांच्या मृत्युपत्रातून वॉशिंग्टनची प्रसिद्ध संस्था उभी राहिली, तेच हे गृहस्थ. १८१३ साली हंफ्री डेव्ही यांनी शेतीच्या रसायनशास्त्रावरच्या पुस्तकात तर सरळ लिहिलं की गवताचं हे कवच त्याला आधार देतं आणि किड्यांपासून राखतं.

म्हणजे उत्तर हातात होतं. मग ते सुटलं कसं? इथे आपल्याला जरा थांबायला हवं.

१८६२ मध्ये जर्मनीत ज्युलियस झाक्स यांनी सिलिका जवळजवळ नसलेल्या द्रावणात मका वाढवला. मका नीट वाढला. निष्कर्ष निघाला, सिलिकॉन आवश्यक नाही. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात आरनन आणि स्टाउट यांनी 'आवश्यक' या शब्दाला तीन अटी घातल्या: त्या मूलद्रव्यावाचून वनस्पतीचं जीवनचक्र पुरं होता कामा नये, त्याची उणीव दुसऱ्या कशाने भरता कामा नये आणि वनस्पतीच्या पोषणात त्याचा थेट भाग हवा. व्याख्या मोठी काटेकोर आहे, आम्हाला ती आवडतेही. पण बघा, द्रावणाच्या त्या बरणीत खोडकिडा नव्हता, बकरी नव्हती. शत्रूच नसलेल्या जागी ढाल निरुपयोगी ठरली, यात नवल ते काय? एकट्या झाडाची गरज आणि शेतातल्या झाडाची गरज या दोन वेगळ्या गोष्टी. व्याख्येने पहिलीच मोजली, आणि पोषणाच्या पाठ्यपुस्तकांत सिलिकॉन कोपऱ्यात गेलं. १९९४ मध्ये इमॅन्युएल एपस्टाइन यांनी या विसंगतीवर जाहीर बोट ठेवलं.

शेताकडे पाहणारे मात्र गप्प नव्हते. जपानने १९५५ पासून सिलिकेट खताला रीतसर मान्यता दिली. १९६७ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत जामिन आणि पाठक यांना दिसलं, की जास्त सिलिका असलेल्या वाणांवर वाढलेल्या खोडकिड्याच्या अळ्यांचे जबडे झिजतात. जबडा झिजला की अळी खोडात शिरणार कशी? १९८३ मध्ये मॅकनॉटन आणि टॅरंट्स यांनी आफ्रिकेतल्या सेरेंगेटीचं गवत तपासलं. जिथे चराई जास्त तिथलं गवत जास्त सिलिका साठवत होतं, आणि पानं छाटली की साठा आणखी वाढत होता. २००६ मध्ये जपानमध्ये मा आणि सहकाऱ्यांनी भातात सिलिकॉन आत घेणारा जनुक शोधला. तो बिघडलेला भात शेतात कीड-रोगाला लवकर बळी पडतो.

हे भांडण किती जुनं? त्याचा एक धागा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात सापडतो. पिसदुऱ्याला मिळालेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत शेणात गवताचे सिलिका-कण आढळले. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ते २००५ मध्ये जाहीर केलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीही गवत होतं, ते खाणारेही होते, आणि काच तेव्हाही पानात होतीच.