येतलोचं कूळ

आंब्याच्या हंगामात देवगडच्या बागायतदाराचं फोनवरचं बोलणं ऐकावं: "ट्रक राती येतलो, पेटी फाल्या गावतली." पुणेकर इथं 'येईल, मिळेल' म्हणून मोकळा होतो, ट्रक आणि पेटी त्याला सारखीच. मालवणीत ट्रक येतलो, पेटी येतली आणि जेवण येतला.

या रूपाचं कूळ त्या लिंगातच सापडतं. संस्कृतातलं 'करिष्यति' गुजरातीत 'करशे' होऊन टिकलं. मराठी-कोकणीत ते बुडालं. प्रमाण मराठीनं जुन्या वर्तमानकाळाला, म्हणजे येई, करी या रूपांना, ल जोडला: येईल, करील. मालवणीनं आणि गोव्याच्या कोकणीनं ल लावला तो येत, करत या कृदंताला. कृदंत पडलं विशेषणाच्या जातीचं, तेव्हा नामाचं लिंग-वचन सांभाळणं ओघानं आलंच. येतलोला 'बिघडलेली मराठी' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं.

इटालियनचंही घर असंच नव्यानं बांधलेलं. लॅटिनचा भविष्यकाळ लोकांच्या तोंडून गेला, तेव्हा 'कांतारे' (गाणे) या रूपाला 'माझ्याकडे आहे' अशा अर्थाचं क्रियापद चिकटलं आणि 'कांतेरो', म्हणजे 'मी गाईन', तयार झालं. 'कांतो' (मी गातो) म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर. कांतेरोत तो त्या चिकटलेल्या शेपटावर, आणि लिहितानाही तिथं खूण करावी लागते.

आपल्याकडे जोरापेक्षा अक्षरांची तोड बघण्यासारखी. 'करतो' बोलताना कर-तो होतं, रमधला अ गळतो. 'करतलो' म्हटलं की तोड सरकते: करत-लो. आता तचा अ जातो नि रला आपला परत मिळतो. प्रमाण मराठीतही बस-तो, पण बसव-तो. कागदावर यातलं काहीच दिसत नाही, देवनागरीला अशी झाकपाक छान जमते. रोमी कोकणीला ती सोय नाही. तिथं कोर-तो-लो असे सगळे स्वर मांडावे लागतात, आणि गोव्यात मधला स्वर तोंडातही शाबूत आहे. थॉमस स्टीफन्सचं कोकणी व्याकरण १६४० साली रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीतच.

भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सननं आपल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५च्या सातव्या खंडात मालवणी बोली 'कुडाळी' नावानं कोकणीखाली घातली. मुंबईच्या नाट्यगृहांना ती घाऊक ऐकू आली १९८०मध्ये, गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'मुळे. शाळेच्या वहीत मात्र येतलोखाली अजून लाल रेघ ओढली जाते.