मिठाच्या पाण्यातलं सोडिअम: अऱ्हेनिअस आणि आयनांचा वाद

मागच्या व्याख्यानात आपण मायकेल फॅरेडेपाशी थांबलो होतो. द्रावणातून वीज सोडली की विरघळलेल्या पदार्थाचे घटक वेगळे होऊन दोन टोकांकडे जातात, हे आपण पाहिलं. या घटकांना फॅरेडेनं १८३४ मध्ये नाव दिलं, आयन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जाणारा'. पण हे आयन येतात कुठून? फॅरेडेची समजूत अशी, की वीजच पदार्थ फोडते आणि आयन तयार करते. वीज नाही, तर आयनही नाहीत.

ही समजूत उलटवली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनिअसनं. गंमत म्हणजे, एका अगदी साध्या आक्षेपाचं पुरतं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. तरीही तो बरोबर होता. आज आपण तोच आक्षेप धरून पुढे जाऊ.

अऱ्हेनिअसचा जन्म १८५९ चा. शिक्षण उप्साला विद्यापीठात, पण तिथे मन रमेना म्हणून १८८१ मध्ये तो स्टॉकहोमला एरिक एडलुंड या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. तिथे त्यानं अगदी विरळ द्रावणांमधून वीज किती सहज वाहते, हे मोजायला सुरुवात केली. आता बघा, कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. शुद्ध पाण्यातूनही जवळजवळ नाहीच. दोन्ही एकत्र आले की मात्र वाहते. शिवाय द्रावण जितकं विरळ करावं, तितका त्यातल्या पदार्थाचा अधिकाधिक भाग वीज वाहण्याच्या कामी येतो असं दिसतं. यावरून त्यानं तर्क केला, की विरघळलेल्या पदार्थाचा काही भाग आधीपासूनच 'क्रियाशील' अवस्थेत असतो. वीज सोडा अथवा न सोडा.

१८८४ मध्ये त्यानं हा प्रबंध उप्सालाला सादर केला. परीक्षकांनी त्याला चौथी श्रेणी दिली. नापास केलं नाही इतकंच. पण या श्रेणीवर विद्यापीठात शिकवायची जागा मिळण्याची आशा जवळपास संपली होती. अऱ्हेनिअसनं मग प्रबंधाच्या प्रती युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना पाठवल्या. एक प्रत रिगाला व्हिल्हेल्म ओस्टवाल्डच्या हाती पडली. ओस्टवाल्डच पुढे सांगायचा, की एकाच दिवशी त्याच्या वाट्याला दाढदुखी, कन्यारत्न आणि हा प्रबंध अशा तीन गोष्टी आल्या. त्याच वर्षी तो स्वतः उप्सालाला येऊन अऱ्हेनिअसला भेटला.

दुसरा आधार मिळाला तो हॉलंडच्या व्हांट हॉफच्या कामातून. पाण्यात काही विरघळलं की त्याचा गोठणांक खाली उतरतो, आणि किती उतरतो हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतं. समजा, साखरेचे ठरावीक रेणू विरघळवून गोठणांक एक हिस्सा उतरला. तेवढ्याच प्रमाणात मीठ घेतलं, तर विरळ द्रावणात तो जवळजवळ दोन हिस्से उतरतो. कॅल्शिअम क्लोराइडनं जवळजवळ तीन. व्हांट हॉफला हा फरक दिसत होता, त्याचं कारण सापडत नव्हतं. १८८७ मध्ये अऱ्हेनिअसनं ते स्पष्ट शब्दांत मांडलं: मिठाचे दोन आयन होतात, कॅल्शिअम क्लोराइडचे तीन. शाळेत आपण 'विचरण' म्हणून शिकतो, ते हेच.

मग विरोध कशाला? विरोध करणारे काही अडाणी नव्हते. मेंडेलीव्ह त्यांच्यात होता, इंग्लंडचा हेन्री आर्मस्ट्राँग होता. त्यांचा आक्षेप असा: सोडिअमचा तुकडा पाण्यात टाकला तर तो फसफसून पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू. आणि तुम्ही सांगता, की मिठाच्या पाण्यात हे दोघं सुटे फिरतायत? मग पाणी शांत कसं? आणि धन-ऋण कण परत एकमेकांना चिकटत का नाहीत?

अऱ्हेनिअसचं उत्तर होतं, की विद्युतप्रभार असलेला सोडिअमचा अणू आणि प्रभार नसलेला अणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर बरोबर, पण प्रभार म्हणजे नेमकं काय आणि तो अणूवर येतो कसा, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोधच लागायचा होता!

तो लागला १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसनच्या हातून. आणि १९१६ मध्ये जर्मनीच्या वाल्टर कोसेलनं हिशेब मांडला. सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन. एक गेला की १० उरतात, निऑनइतके. क्लोरीनमध्ये १७. एक आला की १८ होतात, अर्गॉनइतके. निऑन, अर्गॉन हे राजवायू, सहसा कुणाशी संयोग न करणारे. धातुरूप सोडिअम पाण्याशी झगडतं ते हा एक इलेक्ट्रॉन देण्यासाठी. मिठातल्या सोडिअमनं तो आधीच दिलेला असतो, म्हणून पाणी शांत.

इथे एक गैरसमज दूर करू. सोडिअम इलेक्ट्रॉन आपण होऊन टाकून देतं, असं नाही. तो काढायला दर मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि क्लोरीननं तो घेतल्यावर सुमारे ३४९ च परत मिळतात. व्यवहार तोट्याचाच! हा तोटा भरून निघतो तो धन आणि ऋण आयन स्फटिकात एकमेकांजवळ आल्यामुळे. पाण्यात मात्र पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाला घेरून त्या ओढीची जागा घेतात. दुसऱ्या आक्षेपाचंही उत्तर यातच आलं.

अऱ्हेनिअसला १९०३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण एका बाबतीत तोही चुकला होता, बरं का. त्याला वाटायचं, मिठाचे अखंड रेणू पाण्यात पडल्यावर फुटतात, आणि तेही काही प्रमाणातच. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाचा स्फटिक तपासला, तर त्यात मिठाचा सुटा रेणू कुठे सापडेचना. सोडिअम आणि क्लोरीन एकाआड एक मांडलेले. म्हणजे आयन पाणी घडवत नाही, ते कोरड्या मिठातही असतात. पाणी त्यांना फक्त मोकळं करतं.

मग सगळे आयन मोकळेच असतील, तर द्रावण दाट झाल्यावर ते कमी असल्यासारखे का वागतात? त्याचं उत्तर डिबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये दिलं. पुढच्या वेळी तिथून सुरुवात करू.