व्यायामातील ऊर्जानिर्मिती

व्यायामातील ऊर्जानिर्मिती म्हणजे शारीरिक श्रमाच्या वेळी अन्नघटकांतील रासायनिक ऊर्जा स्नायूंच्या आकुंचनासाठी उपलब्ध होण्याची प्रक्रिया होय. स्नायू ग्लुकोज किंवा मेद थेट वापरू शकत नाहीत. त्यांना ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट (एटीपी) हाच रेणू लागतो. तीव्र श्रमात स्नायूंतील एटीपीचा साठा जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल एवढाच असल्याने तो सतत पुन्हा तयार करावा लागतो. हे काम तीन मार्गांनी होते. तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू असतात. श्रमाची तीव्रता व कालावधी यांनुसार त्यांचा वाटा बदलतो.

स्नायूंचे आकुंचन

स्नायुतंतूंमध्ये ॲक्टिन व मायोसिन ही प्रथिने असतात. चेतातंतूकडून संदेश मिळताच कॅल्शियम आयन मुक्त होतात आणि मायोसिन ॲक्टिनला पकडून ओढते. या ओढीसाठी एटीपीच्या विघटनातून ऊर्जा मिळते. नवा एटीपी रेणू जोडला गेल्यावरच ही पकड सुटते. मृत्यूनंतर शरीर ताठरते ते एटीपी संपल्यामुळेच.

ऊर्जेचे तीन मार्ग

* फॉस्फोक्रिएटिन: हा सर्वांत जलद मार्ग असून त्याला ऑक्सिजन लागत नाही. तीव्र श्रमात त्याचा साठा सुमारे दहा सेकंदांत बराचसा खर्च होतो व काही मिनिटांच्या विश्रांतीत भरून येतो. या संयुगाचा शोध भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव व सायरस फिस्के यांनी 1927 मध्ये प्रसिद्ध केला.
* ग्लायकोलिसिस: पेशीद्रव्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे दोन रेणू निव्वळ मिळतात. वेग अधिक असल्यास लॅक्टेट तयार होते.
* ऑक्सिश्वसन: तंतुकणिकांमध्ये ग्लुकोजच्या एका रेणूच्या पूर्ण ज्वलनातून एकूण सुमारे 30 ते 32 एटीपी मिळतात. मेदही येथेच वापरला जातो. हा मार्ग संथ, परंतु दीर्घकाळ टिकणारा आहे.

मुंबई उपनगरांतील उदाहरणे

कबड्डीत चढाई 30 सेकंदांची असते आणि चढाईपटूला दम न सोडता ‘कबड्डी’चा उच्चार करत राहावे लागते. तरीही तो झेप घेऊ शकतो, कारण या झेपेसाठी मुख्यतः पहिले दोन मार्ग उपयोगी पडतात. दोन चढायांमधील उसंतीत फॉस्फोक्रिएटिन भरून काढण्याचे काम ऑक्सिश्वसन करते. म्हणूनच 40 मिनिटांच्या सामन्यासाठी दमसासही लागतो.

दहीहंडीत खालच्या थरातील गोविंदांचे स्नायू न हलता ताणलेले राहतात. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने 2012 मध्ये ठाण्यात नऊ थर रचले होते. अशा स्थिर आकुंचनात रक्तवाहिन्या दाबल्या जातात, ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि स्नायू लवकर थकतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जाणाऱ्यांची बहुतेक ऊर्जा मात्र ऑक्सिश्वसनातून येते.

लॅक्टेटविषयी गैरसमज

व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी जाणवणारे अंगदुखणे लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे होते, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात लॅक्टेटची पातळी साधारण तासाभरात पूर्ववत होते. हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, तर यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. अंगदुखीचा संबंध अनभ्यस्त श्रमामुळे स्नायुतंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजांशी व त्यानंतरच्या दाहाशी आहे.

उष्णता व दमट हवा

खर्च झालेल्या ऊर्जेपैकी साधारण एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी ऊर्जा हालचालीत उतरते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर पुरेसे थंड होत नाही. हृदयाला स्नायूंबरोबरच त्वचेलाही अधिक रक्त पुरवावे लागते आणि नेहमीचाच वेग अधिक कष्टाचा ठरतो. अशा वेळी वेग कमी करणे, सावलीत विश्रांती घेणे व पाणी पिणे आवश्यक असते. व्यायाम करताना व्यक्ती गोंधळल्यासारखी वागू लागल्यास किंवा तिची शुद्ध हरपल्यास तो उष्माघात असू शकतो. तिचे शरीर त्वरित थंड करून वैद्यकीय मदत मिळवावी लागते.