मोरीत ओतलेली बाटली आणि पाश्चरचे खडे

आजची गोष्ट सुरू होते काटेवाडीत, आमच्या घरच्या मोरीपाशी.

मित्रानं पुण्याहून रेड वाइनची एक जुनी बाटली आणली होती. उजेडात धरली तर तळाला जांभळट साका आणि काचेसारखे बारीक खडे. मामा म्हणाले, "भेसळ आहे रे, ओत मोरीत." मी ओतली. बारामती-पाटस रस्त्यावर रोटीला वाइनरी आहे, पण साक्याबद्दल आम्हाला ओ की ठो माहीत नव्हतं.

आता कळतंय, ते सगळं द्राक्षातलंच होतं. रेड वाइन काळी द्राक्षं सालीसकट आंबवून करतात. सालीतला रंग आणि तुरट टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटतात, जड होतात, खाली बसतात. हा झाला साका. आणि खडे? द्राक्षातलं टार्टरिक आम्ल आणि पोटॅशियम यांचं ते मीठ. गारव्यात ते विरघळलेलं राहत नाही. हेच आम्ल चिंचेत असतं. आजी पितळी तांब्या चिंचेनं लख्ख करायची ना, ती याचीच करामत.

१७६९ साली स्वीडनच्या कार्ल शेलेनं वाइनच्या पिंपात जमणाऱ्या खरपुडीतून हे आम्ल वेगळं काढलं. पुढे फ्रान्समध्ये त्याचं एक जुळं भावंड सापडलं. घटक तेच, पण एक विशिष्ट प्रकाश वळवायचा, दुसरा नाही. असं का? भलेभले अडकले.

१८४८ साली पॅरिसमध्ये २५ वर्षांच्या लुई पाश्चरनं त्या दुसऱ्या आम्लाच्या मिठाचे खडे भिंगाखाली पाहिले. ते दोन प्रकारचे निघाले, डाव्या-उजव्या हातासारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्यानं एकेक खडा निवडून दोन ढीग केले, पाण्यात विरघळवले. एकानं प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्यानं डावीकडे. एकत्र असताना दोघं एकमेकांचा परिणाम पुसत होते! रेणूंनाही डावं-उजवं असतं, हे तिथून उमगत गेलं. आज औषध बनवताना हा फरक बघावाच लागतो. आणि हो, रेबीजच्या लसीवाला पाश्चर तो हाच.

म्हणजे मामांना जी भेसळ वाटली, तिच्यातून रसायनशास्त्राची एक शाखा निघाली.

तर कुणाच्या घरी अशी बाटली दिसली, तर ती दिवसभर उभी ठेवायला सांगा, मग हळूच ओतायची आणि तळाचे दोन घोट सोडून द्यायचे. व्हिनेगरसारखा वास आला तर मात्र मामांचं ऐका.

भेटू पुढच्या भागात!