रुग्ण कोणाच्या हाती सोपवायचा : न्यूरोसर्जरीतील मूल्यमापनाची प्रस्तावना

न्यूरोसर्जरीच्या प्रत्येक विभागात रात्री-अपरात्री एक निर्णय होतो आणि त्याची नोंद सहसा कुठेच राहत नाही. ऑन-कॉल रेसिडेंट फोन करते, सीटीत काय दिसते ते सांगते, आणि पलीकडचा शिक्षक काही क्षणांत ठरवतो : हिला एकटीला करू द्यायचे, की आपण निघायचे. मूल्यमापन म्हणतात ते हेच. हा निर्णय कशाच्या आधारावर घेतला, असे विचारले तर बहुतेक शिक्षक म्हणतील, ‘तयार झालीय ती, कळते आपल्याला.’ कळते हे खरेच. पण ते कशावरून कळते, दुसऱ्या शिक्षकालाही तसेच कळते का, आणि जिच्याबद्दल कळले तिला ते कधी सांगितले का, या प्रश्नांतून एक अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या रेसिडेंटसाठी आणि शिक्षकासाठी हे लेखन आहे.

रेसिडेन्सीची पद्धत विल्यम हॉल्स्टेड यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1889 पासून रुजवली. गुरूच्या सहवासात पुरेशी वर्षे काढली की हात बसतो, हा तिचा पाया. हार्वी कुशिंग तिथेच घडले. त्यांनी 1932 मध्ये मेंदूच्या दोन हजार सिद्ध गाठींवर पुस्तक काढले, तेव्हा शस्त्रक्रियेतील मृत्यूंच्या टक्केवारीचा उल्लेख थेट शीर्षकात केला. स्वतःच्या कामाचा असा उघड हिशेब मांडणाऱ्या माणसाच्या शाखेत शिष्यांचा हिशेब मात्र दीर्घकाळ ‘वर्षे भरली’ एवढ्यावरच राहिला.

भारतात जेकब चंडी यांनी वेल्लोरला 1949 मध्ये न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग सुरू केला. आज एम.एस.नंतर तीन वर्षांचे एम.सीएच. असते आणि शेवटी लेखी परीक्षा, लाँग केस, शॉर्ट केस, व्हायवा. परीक्षक उमेदवाराची विचारपद्धत बारकाईने तपासतात; तिला ऑपरेशन करताना मात्र बहुधा कोणी पाहत नाही. त्यासाठी लॉगबुक आहे म्हणावे, तर त्यात ‘असिस्टेड’ आणि ‘परफॉर्म्ड’ असे दोनच शब्द. ड्यूरा कोणी उघडला, रक्तस्राव सुरू झाला तेव्हा बायपोलर कोणाच्या हातात होता, हे त्या दोन शब्दांत मावत नाही.

ईव्हीडीचे उदाहरण घेऊ. मेंदूत रक्तस्राव होऊन पाण्याची वाट अडली आणि रुग्ण गुंगीत जाऊ लागला, की कवटीला छिद्र पाडून मेंदूच्या पोकळीत नळी घालतात. नाकाच्या मुळापासून सुमारे 11 सेंमी मागे, मध्यरेषेपासून अडीच-तीन सेंमी बाजूला, बहुधा उजवीकडे. तिथून मेंदूच्या पृष्ठभागाशी काटकोन साधून नळी सरकवली की साधारण पाच-सहा सेंमीवर पाणी येते. पहिल्या वर्षाची रेसिडेंट हे घडाघडा सांगते. शेजारी उभे राहून पाहणाऱ्याला दिसते ते निराळे असते. खुणा करण्याआधी तिने डोके सरळ केले का? पोकळी कोणत्या बाजूला ढकलली गेली आहे, ते सीटीवर पुन्हा पाहिले का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे नातेवाइकांना विचारले का? ड्रिल हाडाच्या आतल्या थरापाशी पोचले तेव्हा हात हलका झाला का? आणि पाणी आलेच नाही, तर? नळी आणखी खोल रेटते, की बाहेर काढून दिशा तपासते? किती प्रयत्नांनंतर थांबते आणि सीनियरला बोलावते? माझ्या मते या शेवटच्या उत्तराला अख्ख्या व्हायवापेक्षा अधिक वजन आहे, कारण रुग्णाचे पुढचे आयुष्य त्यावर ठरते.

जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये हाच फरक एका पिरॅमिडच्या आकृतीत मांडला : पायाशी माहिती, टोकाला प्रत्यक्ष कृती. टोरोंटोच्या शिक्षकांनी 1997 मध्ये शस्त्रक्रियेतील कौशल्य मोजण्याची प्रमाणित परीक्षा प्रसिद्ध केली. तिच्यातून निघालेला एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक पायरीवर खूण करण्याच्या चेकलिस्टपेक्षा अनुभवी परीक्षकाने एकूण कामाला दिलेली श्रेणी नवशिक्या आणि जाणकार यांतला फरक अधिक नेमका दाखवते. म्हणजे सीनियरची नजर टाकाऊ नाही. तिला लिखित, समान मोजपट्टी हवी. उट्रेक्टच्या ओले टेन केट यांनी 2005 मध्ये ती मोजपट्टी रुग्णाच्या सुरक्षिततेशी जोडली : गुण देण्याऐवजी हे काम हिच्यावर कितपत सोपवता येईल ते सांगा. माझ्या समोरच, मी इमारतीत असताना, की मी घरी असताना?

अमेरिकेत जुलै 2013 मध्ये ज्या पहिल्या सात शाखांनी टप्प्याटप्प्यांचे मूल्यमापन स्वीकारले, त्यांत न्यूरोसर्जरी होती. पाच पातळ्या, आणि दर सहा महिन्यांनी शिक्षकांची समिती एकत्र बसून प्रत्येक रेसिडेंटचा विचार करते. कॅनडाने 2019 मध्ये न्यूरोसर्जरी याच वाटेवर आणली. मला यात समितीचे बसणे सर्वांत महत्त्वाचे वाटते. एकाच शिक्षकाच्या मर्जीत किंवा नावडीत असणे किती घातक, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पण फॉर्म सहा महिन्यांनी आठवून भरले तर सगळ्यांना सारखेच आकडे मिळतात. मायेपोटी किंवा संकोचापोटी कमी श्रेणी टाळणारा शिक्षक त्या मुलीचे आणि तिच्या पुढच्या रुग्णांचे नुकसानच करतो.

हाताचे कसब गौण आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मिशिगनमधील वीस बॅरिअॅट्रिक सर्जनांचे व्हिडिओ त्यांच्याच व्यवसायबंधूंनी नावे न कळता तपासले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत कमी कौशल्याच्या गटात गुंतागुंतीचे प्रमाण 14.5 टक्के होते, सर्वांत वरच्या गटात 5.2. आपल्या शाखेत एन्युरिझमचे बरेच रुग्ण आता कॉइलिंगकडे जातात, त्यामुळे क्लिप लावण्याची संधी आटली आहे. ती उणीव भरायला कोंबडीच्या पंखातली धमनी मायक्रोस्कोपखाली 10-0 टाक्यांनी जोडण्याचा सराव आहे, दिल्लीच्या एम्समधील कौशल्यशाळा आहे, माँट्रियलचे आभासी सिम्युलेटर आहेत. तिथे मिळवलेले गुण खऱ्या, सुजलेल्या मेंदूसमोर कितपत टिकतात, हा प्रश्न अजून खुला आहे, आणि त्यावर काम करणारी माणसे हवी आहेत.

आपल्या सरकारी रुग्णालयांत रात्रीची कितीतरी ऑपरेशन्स सीनियर रेसिडेंटच ज्युनियरकडून करून घेतात, म्हणून मूल्यमापन करायला त्यांनाही शिकवावे लागेल. भूलतज्ज्ञ आणि ओटीतल्या सिस्टर यांना जे दिसते, तेही विचारायला हवे. सुरुवातीला मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. ईव्हीडी संपली की हातमोजे काढता काढता आधी तिलाच विचारावे, ‘कुठे अडलीस?’ मग आपण पाहिलेले एक सांगावे, किती मदत करावी लागली ते त्याच दिवशी एका ओळीत लिहावे, आणि पुढच्या वेळी हेच काम दुसऱ्या शिक्षकाने करावे. सहा महिन्यांनी समिती बसेल तेव्हा अशा वीस-पंचवीस ओळी टेबलावर असतील, वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या, आणि चर्चा त्यांच्यावर होईल.