फाटक्या सुराची गोष्ट

अब्बांच्या खिशात माउथ ऑर्गन असे. लग्नघरात बँड सुरू झाला, की त्याचा सूर पार बुडून जाई. अब्बा हसून तो पुन्हा खिशात ठेवत.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोतल्या वादकांपुढे हाच पेच होता. गिटार विजेवर वाजू लागली, जोडीला ड्रम आले. तळहातात मावणारे हे वाद्य ऐकू येईना. लुइझियानातून आलेल्या लिटल वॉल्टर या कृष्णवर्णीय तरुणाने भाषणासाठीचा साधा माइक वाद्यासकट ओंजळीत धरला आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. असे करणारा तो एकटाच नव्हता. पण कोंडलेला आवाज झेपेनासा झाला, की सूर जो फाटतो, तो लपवण्याऐवजी त्याने तोच आपला सूर केला. १२ मे १९५२ रोजी मुद्रित झालेली त्याची 'ज्यूक' ही धून बिलबोर्डच्या 'आर अँड बी' यादीत ८ आठवडे अव्वल राहिली.

आपल्याकडे 'सोलवां साल'मध्ये (१९५८) राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला माउथ ऑर्गन मात्र स्वच्छ, लाडिक. तसा सूर हवा, तर माइक थोडा दूर ठेवावा; वॉल्टरचा हवा, तर ओंजळीत धरून छोट्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडावा.

वॉल्टर १९६८ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. पहिल्या कविसंमेलनात माझे मराठी उच्चार ऐकून काही जण हसले होते. ते उच्चार मी घासूनपुसून लख्ख केले नाहीत. 'ज्यूक' ऐकताना वाटते, बरेच झाले.